टिल्लूंची चार दिवसांची मुंबई

ही गोष्ट मी इतकी वर्षं पूर्ण सांगितली नाही. टिल्लूंचा विषय निघाला की मी त्यांच्या गमती सांगायचो, लोक हसायचे, आणि जिथे माझा भाग सुरू होतो तिथे मी चहा मागवायचो. आता डॉक्टरांनी चहाही बंद केलाय. तेव्हा सगळंच सांगतो.

मनोहरराव टिल्लू मुंबईची सहल उज्जैनमध्ये करायचे. अक्षरशः. आमच्या सरकारी कार्यालयात मी बडा बाबू, ते माझ्या हाताखाली. कोणी मुंबईला निघालं की टिल्लू त्याला चार दिवसांचा प्लॅन आखून देत, आणि मग त्या कुटुंबाला सामानासकट रस्त्यावर चालवून बघत. देवास गेटचा बसस्टँड म्हणजे बोरीबंदर, फ्रीगंजचा टॉवर म्हणजे राणीची बाग, राम घाट म्हणजे चौपाटी. हातात घड्याळ, काखेत छत्री.

"वहिनी, सात मिनिटं लेट! वाघ काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

समोर वाघ नसायचा, ज्यूसवाला असायचा. पण वहिनी पाय उचलायच्या. "रिहर्सल पक्की, तर सफर पक्की," हे टिल्लूंचं ठरलेलं वाक्य.

स्वतः त्यांनी मुंबई पाहिलेली नव्हती. परत आलेल्यांना ते खोदून खोदून विचारत. म्युझियमला पायऱ्या किती? नळ कुठल्या बाजूला? बसायला सावली आहे का? "पायऱ्या कोण मोजतं, यार?" असं आमचा कॅशियर म्हणाला, तर टिल्लू दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

हे सगळं कोणासाठी, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, समुद्र बघायचा होता. माळव्यात जन्म गेलेला, क्षिप्रेपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही. हृदय कमजोर. ज्या वर्षी ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला आणि देवास गेटला एसटीडीचे बूथ उगवले, त्या वर्षी डॉक्टर टिल्लूंना म्हणाले, न्यायचं तर आत्ताच न्या. टिल्लूंनी मे महिन्यातल्या एका आठवड्याच्या रजेचा अर्ज दिला.

मलाही तोच आठवडा हवा होता. आमच्या विभागातून एका वेळी एकालाच रजा मिळे, आणि त्यांचा अर्ज आधी आला होता. मी तो टेबलाच्या खणात टाकला. चार दिवसांनी म्हणालो, "टिल्लू, भोपाळहून नामंजूर झाला."

भोपाळला काहीच गेलेलं नव्हतं.

त्यांनी प्लॅनचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. "ऊपरवाल्यांची मर्जी, साहेब. मग प्लॅन तुम्हीच घ्या. बेकार कशाला जाऊ द्यायचा?"

रविवारी त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, उषाला, सुटकेस घेऊन फ्रीगंजात फिरवलं. सुटकेस मी तीनदा खाली ठेवली, तिन्ही वेळा त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मुंबईत प्लॅन अचूक निघाला. नको तितका. पायऱ्या तेवढ्याच, नळ त्याच बाजूला. आणि दर अर्ध्या तासाला लिहिलेलं, 'दहा मिनिटं बसणे.' आम्ही दोघं धडधाकट, पण कागद मोडवत नव्हता, म्हणून बसत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता चौपाटीवर बसलो. ऊन इतकं की आसपास कोणी नव्हतं. उषा एकदम म्हणाली, "अहो, सरका थोडे. बाईंना बसू द्या."

"कुठल्या बाईंना?"

ती बाजूला बघत राहिली. "आत्ता होत्या. दम लागला होता त्यांना."

उज्जैनला परतल्यावर कळलं, सुमनवहिनी त्या तिसऱ्याच दिवशी दुपारी गेल्या. किती वाजता, हे मी विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

महिन्याभरात टिल्लू पुन्हा फ्रीगंजात दिसू लागले. आता छत्री उघडलेली असे, पण ती ते स्वतःच्या डोक्यावर धरत नसत. डावीकडे, रिकाम्या जागेवर धरून सावकाश चालत. मध्येच थांबत, घड्याळ बघत. टॉवरपाशी दोन ज्यूस घेत. ज्यूसवाल्याने एकदा मला बाजूला घेतलं. "बाबूजी, बुरा मत मानना. साहब पीते तो एक ही हैं। गिलास दोनों खाली लौटते हैं।"

ऑफिसात लोक हसायचे. मीही हसायचो.

शेवटी एका संध्याकाळी मी राम घाटावर गेलो. टिल्लू पायरीवर बसले होते.

"टिल्लू, मला काही सांगायचंय."

"बसा ना, साहेब. अं हं, इकडून या. तिकडे ही बसलीय."

मी वळसा घालून बसलो. त्यांनी डावीकडे मान झुकवून काहीतरी ऐकलं आणि ओशाळून हसले. "ही विचारून राहिलीय, खरा समुद्र कसा असतो? मी सांगतो ते हिला पटत नाही. म्हणते, तुम्ही कुठे बघितला? साहेबांना विचारा."

मी सांगू लागलो. दुपारी तो मातकट दिसतो, लांबवर चांदीसारखा. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, गुदगुल्या होतात. पलीकडचा काठ दिसतच नाही. टिल्लू मध्येच तिकडे वळून म्हणत, "बघ, मी नव्हतो म्हणालो?" घाटावरची आरती सुरू झाली, संपली, मी सांगतच होतो. कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी टिल्लूंकडे बघून बोलतच नाहीये.

त्यानंतर टिल्लू निवृत्त होईपर्यंत माझ्यासमोरच्या टेबलाशी बसत. आता तेही नाहीत. 'टिल्लू, अर्ज मी अडवला, मला माफ करा,' एवढं वाक्य मी त्या संध्याकाळी पाठ करून नेलं होतं. पण घाटावर ते एकट्या टिल्लूंना सांगून भागणार नव्हतं, आणि दोघांसमोर बोलण्याची माझी हिंमत झाली नाही.