पट्ट्याचं झाड

“ठेकेदार काहून पाहिजे? दोन रविवार! फक्त दोन रविवार द्या मला! तिसऱ्या रविवारी तिथं चटई टाकून झोपून दाखवतो!”

ही घोषणा प्रेमानंदनं केली तेव्हा त्याच्या हातात चहाची बशी होती. हातात बशी असली की माणसाला सगळं जग सोपं वाटतं. कोयता हातात आला की मग खरी परीक्षा सुरू होते. प्रेमानंद हिंगोलीला एका सरकारी कचेरीत कारकून. टाचणी सोडली तर टोकदार वस्तूशी त्याचा गेल्या बावीस वर्षांत संबंध आला नव्हता!

साफ करायची होती ती साखऱ्याची जागा. गावाच्या कडेला, वडिलांनी घेतलेली. वडील सोनाजी रस्त्याच्या गँगवर होते. खड्डे बुजवायचे, आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे ओढायचे. एक लाल, एक पांढरा, परत एक लाल. नोकरी कायम झाली त्या वर्षी सोनाजीनं आपल्या जागेत एक कडुलिंब लावला, आणि तो मांडीएवढा जाड झाल्यावर त्यालाही तसाच पट्टा ओढला. कोणी विचारलं तर म्हणायचा, “पट्टा ओढला की झाड सरकारी! मंग कलेक्टर आला तरी कुऱ्हाड लागत न्हाई!”

सोनाजी जाऊन सहा वर्षं झाली. पट्टा पावसानं धुतला गेला, रिकामी टिनाची खोली लोकांनी मोडून नेली, आणि जागेवर वेडी बाभूळ माजली. इतकी की लिंबाचा नुसता शेंडा दिसायचा. बाकी सगळा काटा!

आणि हे सगळं आता साफ करायचं होतं ते चतुराबाईसाठी. प्रेमानंदची माय सहा वर्षं त्याच्याकडे हिंगोलीत, भाड्याच्या माडीवर राहत होती. तक्रार करायची नाही. फक्त दर बुद्धपौर्णिमेला खीर वाटताना म्हणायची, “खीर झाली बराबर, पण सावली न्हाई.” साखऱ्याला ती लिंबाखाली चूल मांडायची आणि अख्ख्या वस्तीला खीर वाढायची. यंदा मात्र तिनं निक्षून सांगितलं.

“प्रेमा, या पुनवेला मला माझ्या लिंबाखाली नेऊन बसव. मंग मी तिथंच राहीन. टिनाची खोली उभी करून दे. इथं मरायचं न्हाई मला, या फरशीवर.”

अशी मागणी आईनं केल्यावर मुलगा दुसरं काय करणार? त्यानं कोयता विकत आणला!

पहिल्या रविवारी प्रेमानंद सकाळच्या जीपनं साखऱ्याला पोचला. शेजारचा संतराम आपल्या ओट्यावर पाय पसरून बसला होता. हा संतराम स्वतः काही करत नसे, पण दुसरा करत असेल तर त्याला फार कळत असे.

“भाऊ, असं न्हाई! बुडातून घ्या!”

प्रेमानंदनं बुडातून घेतलं. काटा चपलेतून आरपार पायात गेला.

“भाऊ, वरून घ्या मंग!”

वरून घेतलं. फांदी तुटली, ती थेट त्याच्या पाठीवर! सदरा अडकला. पुढे सरकला तर बाही ओढली जायची, मागे सरकला तर कॉलर. वेड्या बाभळीनं त्याला असं धरून ठेवलं, जसं कचेरीत तो लोकांचे अर्ज धरून ठेवायचा! पाऊण तास तो तसाच उभा होता. मध्ये संतरामची शेळी आली, त्यानं तोडलेल्या फांदीच्या शेंगा खाल्ल्या, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि आल्या वाटेनं निघूनही गेली. शेळीला वाट होती, कारकुनाला नव्हती!

शेवटी सदरा झाडाला अर्पण करून प्रेमानंद बाहेर आला. बनियनवर, खांद्यावर संतरामचं उपरणं, असा तो जीपमध्ये बसला.

“काय साहेब, भांडण झालं काय?” ड्रायव्हरनं विचारलं.

“व्हय,” प्रेमानंद म्हणाला. “झाडासंगं.”

घरी बायकोनं, ज्योतीनं, सुई घेऊन काटे काढायला सुरुवात केली. एकोणीसपर्यंत मोजले, मग सोडून दिलं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. दोन दिवस साहेब कचेरीत उभ्यानं काम करत होते, कारण पाठीबरोबर बुडालाही काटे लागले होते!

“अहो, ठेकेदार बघा,” ज्योती म्हणाली. “तुमचा तो दुसरा रविवार राहू द्या.”

चतुराबाईनं मान डोलावली. “लाव ठेकेदार. पण तू सोता उभा राहा तिथं. झाड तोडणाऱ्याची कुऱ्हाड आन् न्हाव्याचा वस्तरा, दोन्ही डोळ्यापुढंच चालले पाहिजेत.”

दुसरा रविवार मात्र प्रेमानंदनं वाया घालवला नाही. सोबत गेरूचा डबा, चुना आणि वडिलांचा जुना कुंचा नेला. शेळीच्या वाटेनं वाकून, रांगून तो लिंबापर्यंत पोचला. बुंधा आता एका कवेत मावत नव्हता. त्यानं एक लाल, एक पांढरा आणि परत एक लाल असा पट्टा ओढला. कुंचा फिरवताना त्याला वडिलांची इतकी आठवण आली की डोळे भरून आले. ठेकेदाराची माणसं कोणीही असोत, आता या झाडाला हात लागणार नाही! आपण कचेरीत काम करतो ते उगाच नाही, असंही त्याला वाटलं. डोकं लागतं!

ठेकेदार मिळाला तिथल्याच जवळच्या गोरेगावचा, नेमसिंग. लाकडाचा धंदा, स्वतःचं ट्रॅक्टर, चार तोडणारी माणसं. वागायला सरळ. जागेभोवती एक चक्कर मारून त्यानं तोंड वाकडं केलं.

“काट्यात काही निघत न्हाई, साहेब. कोळशाला जातो, बस. मानसायचं चहापानी बी सुटत न्हाई.”

“आत तो लिंब पाहिला का? पट्टा ओढलेला?”

नेमसिंगचा चेहरा एकदम उजळला. “पाहिला की! पट्टा तुमी ओढला?”

“मी सोता! आता त्याचं काय करायचं, ते वेगळं सांगायला पाहिजे का?”

“काय बोलता साहेब! तीस वरसं झाली या धंद्यात. पट्टा दिसला की मानूस समजून जातो.”

“बराबर! बाकी सगळं साफ करा. पण पट्ट्याच्या झाडाची जबाबदारी तुमची!”

“माझी! पहिलं तेच बघतो, मंग बाकीचं.”

“आणि मजुरीचं काय?”

“मजुरी कशाची? पट्ट्याचं झाड हाय ना! काटा फुकट काढून देतो.”

प्रेमानंद भारावला. झाडांची इतकी कदर असलेला ठेकेदार त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. एका झाडापायी माणूस अर्धा दिवस काट्यात फुकट राबायला तयार होतो, यात त्याला काहीच खटकलं नाही. बावीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला खटकायला हवं होतं, नाही का? पण ‘फुकट’ हा शब्द कानात गेला की भल्याभल्यांचे कान तिथंच बंद होतात!

घरी चतुराबाईचे कान मात्र उघडे होते.

“फुकट? काहून फुकट?”

“माणूस चांगला आहे, माय.”

“चांगला हाय, मंग तू काहून उभा राहत न्हाईस तिथं?”

“अगं, रजा कशाला वाया घालवू? पट्टा ओढलाय मी! आबांचा पट्टा!”

नवऱ्याच्या पट्ट्यावर चतुराबाईचा विश्वास होता. तेवढ्यासाठी तिनं मुलाचं ऐकलं, आणि नेमकं तिथंच तिनं ऐकायला नको होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी प्रेमानंद माय आणि ज्योतीला घेऊन निघाला. पातेली, तांदूळ, गूळ, दूध असा सगळा संसार जीपमध्ये. गेरूचा उरलेला डबा आणि कुंचाही पिशवीत होता. खोली उभी राहिली की दाराच्या चौकटीला पट्टा ओढू, असा त्याचा बेत. वैशाखाचं ऊन असं की जीपच्या टपाला हात लावला तर चटका बसावा. पण चतुराबाई खुशीत होती. सेनगाव सोडल्यावर ती सहा वर्षांत पहिल्यांदा बडबड करायला लागली. चूल कुठं मांडायची, बाया कुठं बसतील, लेकरं कुठं.

साखऱ्याच्या अलीकडे समोरून एक ट्रॅक्टर आलं. ट्रॉलीत हा एवढा जाडजूड ओंडका! जीप कडेला घ्यावी लागली.

“बघ माय, काय लाकूड आहे!” प्रेमानंद म्हणाला. “नशीब लागतं बघ एखाद्याला!”

चतुराबाईनं नाक वर केलं. “लिंब हाय. ताजा तोडलेला.”

“तुला कसं कळलं?”

“वासावरून.”

“तुला सगळीकडं लिंबच दिसतो!” प्रेमानंद हसला. “दुनियेत काय एकच लिंब आहे?”

साखऱ्यात होता तो एकच होता!

जागेपाशी जीप थांबली. खाली उतरल्यावर प्रेमानंदला आधी वाटलं की आपण गाव चुकलो. जागा तळहातासारखी लख्ख. काटा नाही, काडी नाही. फक्त पार मागच्या कोपऱ्यात एक म्हातारी वेडी बाभूळ उभी होती आणि माणसं तिच्याकडे कुऱ्हाडी घेऊन निघाली होती. आणि मधोमध एक गुडघाभर खुंट होता. त्या खुंटाला एक लाल, एक पांढरा आणि परत एक लाल पट्टा!

नेमसिंग हसत सामोरा आला. “या साहेब! सांगितल्यापरमानं पहिलं पट्ट्याचं काम केलं. काटा बी काढला, तेवढं एक झाड राहिलं. आन् पट्टा तसाच ठेवला बघा, वरून तोडलं. उद्या तुमी म्हनायला नको, भलतंच झाड तोडलं म्हनून!”

प्रेमानंद खुंटाकडे धावला.

“अरे, ते ठेवायचं होतं! पट्टा ठेवायसाठी ओढला होता! ठेवायसाठी!”

“ठेवायसाठी?” नेमसिंगचं हसू विझलं. “अहो, पट्टा ओढला म्हंजी झाड इकलं! बांधावर जा, कुठं बी जा, आमच्या धंद्यात पट्टा म्हंजी तोड. आमी काहून काटा फुकट काढला असता मंग?”

“आणि रस्त्यावरच्या झाडांना पट्टे असतात ते?”

“ती सरकारी झाडं, साहेब. तुमी काय सरकार हाव?”

बावीस वर्षं प्रेमानंद स्वतःला थोडंफार सरकार समजत आला होता.

त्यानं संतरामकडे मोर्चा वळवला. “तू तर इथंच होतास! तू काहून बोलला न्हाईस?”

“म्या इचारलं की, भाऊ! ते म्हनले मालकानं सोता पट्टा ओढला. ओढताना तर म्या बी पाहिलं तुमाला. डोळे पुसत होते तुमी. म्हनलं, बापाचं झाड इकून राहिले, वाईट तर वाटंलच!”

शिव्या द्याव्यात तर कोणाला? नेमसिंगनं कबूल केलं तेच केलं. संतरामनं विचारायचं ते विचारलं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि झाड ट्रॉलीत गेलं होतं! त्याला स्वतःचाच असा संताप आला की तो माणसांवर ओरडला, “बंद करा! आता एका काडीला हात लावाल तर याद राखा!”

माणसांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. कोपऱ्यातली वेडी बाभूळ वाचली.

“साहेब, माझी बी चूक झाली असंल,” नेमसिंग हळूच म्हणाला. “लाकूड वापस आनू काय?”

“आणून काय करू? चिकटवू?”

चतुराबाई खुंटापाशी गेली, खाली बसली आणि पांढऱ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. ज्योतीनं तिला उठवायला हात दिला, तो तिनं घेतला नाही.

“हात बापासारखाच हाय तुझा,” ती म्हणाली. “पट्टा सरळ ओढलास.”

तिनं रडून, भांडून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं प्रेमानंदला वाटलं. त्याला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटत होतं, पण जमीन उन्हानं तापून दगड झाली होती.

रात्र संतरामच्या ओट्यावर काढली. खीर मात्र झाली. पौर्णिमेला वस्ती जमली. उघड्यावर उभं राहवेना, म्हणून सगळे हळूहळू सरकत सरकत त्या एकुलत्या एक वेड्या बाभळीखाली आले. तिथंच चूल मांडली, तिथंच बाया बसल्या. लोक एका पायावर उभे राहून एका हातानं दुसऱ्या पायातला काटा काढत होते आणि दुसऱ्या हातानं खीर खात होते. चतुराबाई बुंध्याला टेकून वाढत होती. सावली कसली, नुसती जाळी. पण जागेत तेवढीच होती.

“खीर झाली बराबर,” कोणीतरी म्हणालं. पुढचं वाक्य चतुराबाईनं यंदा म्हटलंच नाही.

भांडी भरायची वेळ झाली. काहीतरी केलंच पाहिजे म्हणून प्रेमानंदनं सामान जीपकडे न्यायला घेतलं. एका हातात रिकामं पातेलं आणि दुसऱ्या हातात गेरूचा डबा आणि कुंचा. शेवटचं पातेलं बाभळीखालीच राहिलं होतं, ते उचलायला तो वळला. तो जवळ आला तशी चतुराबाई धडपडत उठली आणि दोन्ही हात पसरून बुंध्याच्या आडवी उभी राहिली.

“ए प्रेमा! एवढं एकच राहिलंय, बाबा! याला पट्टा ओढू नको!”