साहेबांच्या जॅझला लागली हळद

थकण्याच्या बाबतीत आमच्या भाईंदरच्या सोसायटीत माझा हात कोणी धरू शकणार नाही! पनवेलचं ऑफिस. जायला दोन बस, यायला दोन बस, आणि तीन वर्षांत बसायला जागा एकदाही नाही. म्हणून मी घराजवळच्या मीरा रोडच्या शाखेत बदली मागितली होती. अर्ज साहेबांच्या टेबलावर, फक्त सही बाकी.

पण आमचे साहेब जॅझवेडे! शनिवारी त्यांनी मोबाइलवर शंभर वर्षांपूर्वीचं एक रेकॉर्डिंग पाठवलं.

“बबनराव, हे ऐका. उद्या पाचला फोन करतो. प्रतिक्रिया सांगा, अगदी मनापासून! मग सहीचं बघू.”

मी म्हटलं, हात्तिच्या! आडवं पडून ऐकायचं, पाचला “वा साहेब, अप्रतिम!” म्हणायचं, की झाली बदली.

रविवारी चारला मी स्पीकर मोठ्याने लावला आणि सोफ्यावर पसरलो. आधी भजी तळल्यासारखी खरखर. मग क्लॅरनेट, ट्रम्पेट, बँजो, सगळे एकदम सुटले! कोणी कोणासाठी थांबेना. माझी मनापासूनची प्रतिक्रिया म्हणजे, तिसऱ्या मिनिटाला मला झोप लागली. रेकॉर्ड मात्र संपली की पुन्हा सुरू होत राहिली.

बेल वाजली. दारात शेजारच्या गिरिजाकाकू. त्यांचं माहेर राई गावचं, जिथे ब्रास बँडशिवाय हळद लागत नाही.

“बबनभाऊ, तुमच्या पोरीची, रसिकाची हलद हाय नं? आमाला सांगलं पन न्हाय!”

“अहो काकू, रसिका पुण्याला परीक्षेला गेलीये! ही अमेरिकेची रेकॉर्ड आहे!”

“अमेरिकेची? माजा काका बँडमदी अस्साच वाजवायचा!”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी बायको सुचेता बाहेर आली. लोणच्यासाठी ओली हळद चिरत होती. दोन्ही हात पिवळेधमक! झालं! काकूंनी जिन्यात जाऊन हाक दिली. समोरच्या पिंकीभाभी “भाईसाब, बेटी की शादी छुपाके?” म्हणत पेढे घेऊन आल्या. दहा मिनिटांत हॉलमध्ये बारा बायका नाचत होत्या. नवरी सापडेना, म्हणून नवरीच्या बापालाच हळद फासली. मी विरोध केला नाही. विरोधालाही ताकद लागते.

आणि पाचला फोन!

“बबनराव, हा कसला गोंधळ?”

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. “साहेब, तुमची रेकॉर्ड लावलीय. बायका नाचतायत. मला हळद लागलीय.”

म्हटलं, गेली बदली! पण साहेब भलतेच खूश झाले. “तीस वर्षं मी हे खुर्चीत बसून ऐकतोय हो! यावर नाचायचं असतं, हे मला आज कळलं. खरे कानसेन तुम्ही!”

“मग साहेब... सही?”

“सही कसली? असा माणूस मी मीरा रोडला जाऊ देईन? अर्ज उद्याच फाडतो! रोज ऑफिसला अर्धा तास लवकर या, माझ्याकडे अशी अजून चाळीस रेकॉर्डिंग आहेत!”

सोमवारी पिवळं तोंड घेऊन बसमध्ये चढलो. तीनदा साबण लावूनही हळद गेली नव्हती. कंडक्टरने मला नीट निरखलं.

“काका, या वयात? अभिनंदन! अरे, नवरदेवाला बसायला द्या रे!”

तीन वर्षांत पहिल्यांदा जागा मिळाली. मी कसलाही खुलासा केला नाही. जवळचाच काशीगावचा स्टॉप यायच्या आत मी झोपलो होतो.