वाघमारे मॅडमचं बाळंतपण

वाघमारे मॅडम दर मंगळवारी बाळंत व्हायच्या. पंचावन्नाव्या वर्षी, पिकलेल्या केसांचा अंबाडा घालून, कडक इस्त्रीच्या साडीत, वर्गातल्या टेबलावर.

आमचं नर्सिंग कॉलेज उल्हासनगरात, एका पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर होतं. मॅडम आम्हाला प्रसूतिशास्त्र शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्या आल्या, चपला काढल्या, टेबलावर आडव्या झाल्या आणि असा गळा काढला की मागच्या बाकावरची एक मुलगी उठून जिन्यात जाऊन उभी राहिली. बाकीच्या आम्ही पेनं हातात धरून बघत बसलो. शेवटी मॅडमनीच एक डोळा उघडून माझ्याकडे बोट केलं. "तू ये. सोडव मला."

मी कात्रपची, घरातली धाकटी. बाळंतपण फक्त सिरियलमध्ये पाहिलेलं. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "शांत व्हा. ओरडू नका."

मॅडम ताडकन उठून बसल्या. "हात धुतलेस? नाही. माझं नाव विचारलंस? नाही. डायरेक्ट पोटाला हात, आणि वर म्हणते ओरडू नका. बाळंतपण तुझं चाललंय की माझं?"

एवढ्यात खालचे दुकानदार, सिंधी शेठ, पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत वर आले. मॅडमनी त्यांना शांतपणे सांगितलं की हा पहिला धडा आहे. पुढे शेठ सरावले. मंगळवारी गिऱ्हाईक दचकलं की ते मान वर न करता सांगायचे, "ऊपर पढ़ाई चालू है, आप कपड़ा देखो."

मॅडम दर वेळी वेगळी बाई व्हायच्या. कधी एमआयडीसीत पॅकिंग करणारी, जिला सेकंड शिफ्ट गाठायची असायची आणि ती आम्हालाच 'आटपा लवकर' म्हणून झापायची. कधी मोबाइलवर सगळं वाचून आलेली, जी प्रत्येक गोष्टीला 'व्हिडिओत असं नव्हतं' म्हणायची. एकदा त्या बाळंतीण आणि तिची सासू अशा दोघी झाल्या आणि स्वतःशीच एवढ्या भांडल्या की बाळाचा विषयच मागे पडला. आम्ही हसून हसून लोळायचो, पण हात धुवायला आणि नाव विचारायला कोणी विसरत नसे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "बाईला तोंड आहे. ते आधी उघडू द्या, बाकीचं आपोआप उघडतं."

त्या अंबरनाथला राहायच्या. घरचं कधी बोलायच्या नाहीत. कळांचं वर्णन मात्र अशा अधिकारानं करायच्या की आमच्या अंदाजानं त्यांना निदान सहा मुलं असावीत.

दुसऱ्या वर्षी आम्हाला वांगणीच्या पुढच्या एका छोट्या दवाखान्यात प्रॅक्टिकलला नेलं. तिथे डोंगरातल्या वाडीवरची एक मुलगी आली होती. पहिलटकरीण. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, श्वास रोखला होता आणि डोळे छताला लावले होते. ड्यूटीवरची सिस्टर परोपरीनं समजावत होती की श्वास सोड, मोठ्यानं कण्ह, चालतं. पोरगी दगडासारखी गप्प. मॅडमनी नाव विचारलं, तरी गप्प.

मॅडमनी इकडेतिकडे बघितलं. शेजारची खाट रिकामी होती. त्यांनी चपला काढल्या, तशी मी खाली जमिनीकडे बघायला लागले.

पुढच्या क्षणी मॅडमनी टाहो फोडला. आई, आजी, पणजी, सगळ्यांना हाका मारल्या. मग नवऱ्याचा उद्धार सुरू केला. सिस्टरनं घाबरून विचारलं, यांना काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आमचा तास सुरू झालाय.

पोरीच्या तोंडातून पदर गळून पडला. ती आ वासून बघत राहिली, मग फिसकन हसली, आणि हसता हसताच कळ आली तेव्हा खणखणीत ओरडली. "शाब्बास," शेजारच्या खाटेवरून मॅडम म्हणाल्या, "आता माझ्यासारखा लांब श्वास सोड." मग दोघींची जुगलबंदीच लागली. ओपीडीतले डॉक्टर धावत आले आणि दारातच थबकले. आधी कुणाला बघायचं ते त्यांना कळेना. दोन कळांच्या मध्ये पोरीनं आपणहून नाव सांगितलं. हिरा.

हिराला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुपारी आमची निघायची वेळ झाली, तरी मॅडम दिसेनात. मी वॉर्डात शोधायला गेले तर त्या हिराच्या खाटेशी स्टुलावर बसल्या होत्या. सकाळच्या गडबडीत हिराला नाटक वगैरे काही समजलं नव्हतं. ती मॅडमना विचारत होती, "तुमाला काय झाला? पोरगा का पोरगी?"

मला हसू आलं. आता मॅडम काहीतरी भन्नाट उत्तर देणार म्हणून मी दारातच थांबले.

मॅडमनी साडीची घडी नीट केली. मग म्हणाल्या, "मला नाही झालं गं. कधीच."

हिरा कुशीतलं गाठोडं त्यांच्याकडे सरकवत म्हणाली, "मंग हिला घ्या जरा. माझा हात भरून आलाय."

मॅडमनी बाळ घेतलं. आम्हाला शिकवलं होतं तसं, मानेखाली हात घालून.

बराच वेळ मी दारात उभी होते. शेवटी पुढे होऊन म्हटलं, "मॅडम, गाडी आलीये. सगळ्या थांबल्यात."

त्यांनी वर न बघता मान हलवली. "हळू बोल," त्या कुजबुजल्या. "आत्ताच डोळा लागलाय हिचा."