आज काय तुटलं?

आमच्या गल्लीत कुणी भेटलं की 'काय चाललंय' म्हणतात. लिंगायतांच्या घरी गेलं की 'शरणार्थी' म्हणून हात जोडतात. महालिंग सर स्वतः लिंगायत, पण ते समोरच्याकडे चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "आज काय तुटलं?"

तेही सकाळी सकाळी, मी दारात सडा घालत असताना! पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी सरळ म्हणाले, "अजून काही नाही तुटलं, पण असंच विचारत राहिलात तर ही बादली तुटेल तुमच्या पायावर." मी शाळेत चौथीचा वर्ग हाकते. माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही. सर मात्र खूश झाले. "तुटतंय बाई! तुमच्याबी आत, माझ्याबी आत. ह्या घडीला तुटून राहिलंय आन् जोडूनबी राहिलंय. तुटणं कुणाला चुकत न्हाई. दुरुस्ती बघा, दुरुस्ती!"

मग अर्धा तास अंगणात तास झाला. आपल्या प्रत्येक पेशीत म्हणे एक लांबलचक धागा असतो, डीएनए. आपण कसं व्हायचं ते सगळं त्याच्यावर मांडलेलं. किरणं पडली की तो तुटतो. उन्हानं तुटतो, काही नाही तर आपसूकही तुटतो. आणि पेशीत कारागीर बसलेले असतात, ते तुटलेली जागा हुडकून सांधत बसतात. सरांची उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत ह्या कारागिरांच्या मागे गेलेली. पुढे म्हाताऱ्या आईला बघायला कुणी नाही म्हणून ते लातूरला कॉलेजात आले, आणि भिंतीला भिंत लागून आमच्या नशिबी आले.

त्यांचा प्रश्न कुठेही निघायचा. समोरच्या आळीतल्या लग्नात अक्षता पडल्या न पडल्या तोच नवरीच्या बापाला त्यांनी विचारलं, "काय तुटलं आज?" तो बिचारा आधीच रडवेला, अंगावरच धावून आला. उस्मानाबादेतून लातूरचा वेगळा जिल्हा झाला त्या दिवशी चौकात गुलाल उधळत होते. कुणीतरी चेष्टेनं ओरडलं, "सर, आज उस्मानाबाद तुटलं!" सर गंभीरपणे म्हणाले, "तुटलं ते दिसलं. दुरुस्तीला कोन बसणार?" पुढे दुष्काळ पडला, नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीपुढे घागरींचे मोर्चे जायला लागले, तेव्हा लोकांना सरांचं बोलणं आठवलं. पण तोवर हसायचा दम कुणात उरला नव्हता.

गल्लीनं त्यांना 'किरणवाले डॉक्टर' करून टाकलं होतं. बाया लेकरांचे गळू दाखवायला यायच्या. जळकोटकडचे त्यांचे भाऊबंद यायचे, ते तर वेगळंच मागायचे. "महालिंगा, मुंबईहून किरणं मारलेली तूर आणतोस म्हणं. दुष्काळात टिकंल अशी जात दे की रं."

"काका, मी जात करत न्हाई. किरणांचा मार बसल्यावर तुरीचं बी स्वतःला कसं सावरतंय, ते बघून राहिलो."

"बघून काय करतोस?"

पाहुणे गेल्यावर सर ताटावरून तसेच उठले, असं शकुंतलावहिनी मला सांगत होत्या.

शकुंतलावहिनी म्हणजे सरांच्या मंडळी. खरी दुरुस्ती त्या घरात वहिनीच करायच्या. सरांना सुईत दोरा ओवता यायचा नाही. चपलेचा अंगठा तुटला तर भर उन्हात एक पाय अनवाणी घेऊन कॉलेजला जायचे. वहिनी छत्रीच्या काड्या बांधायच्या, रेडिओला थापट मारून बोलता करायच्या, सरांच्या सदऱ्यांच्या कॉलरी उलटवून शिवायच्या. लेकरूबाळ नव्हतं. मी एकदा बोलून गेले, "वहिनी, दुरुस्तीचे डॉक्टर ते, आणि काम सगळं तुमच्या गळ्यात!" तर हसून म्हणाल्या, "त्यांचे कारागीर लई बारीक हायत हो. त्यांना चप्पल दिसत न्हाई."

आता घुगऱ्यांचं सांगते. माझ्या लेकीच्या बाळाचं बारसं होतं. बारशाला घुगऱ्या तर पाहिजेत, आणि दुष्काळानं घरात हरभरा नाही. माझी सासू शेजारी गेली. वहिनी मंदिरात गेलेल्या. फळीवर बरणीत टपोरी तूर दिसली. घरातल्यासारखं येणंजाणं, म्हातारीनं घेतली, रातभर भिजत घातली आणि सकाळी मीठ टाकून उकडली.

पंगतीत सरांच्या पत्रावळीवर घुगऱ्या पडल्या. त्यांनी एक दाणा उचलला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आजी, ही तूर कुठली?"

झालं! किरणांची तूर म्हटल्यावर पंगत उठली. कुणी मोरीत धावलं, कुणी देव आठवले, सासू तर मांडवातच आडवी झाली. सर सगळ्यांना हात जोडत फिरत होते. "घाबरू नका हो! किरणं आरपार गेली, दाण्यात राहत न्हाईत. खुशाल खावा." आणि मग सासूजवळ बसून म्हणाले, "आजी, कोरडं बी हाय तोवर आतलं तुटलेलं तसंच पडून राहतंय. पाणी लागलं की कारागीर उठतेत. पहिलं काम दुरुस्तीचं, कोंब मागून. तुम्ही रातभर भिजवलं म्हंजी कामाला लागले होते की हो सगळे. आन् तुम्ही उकळलं." त्यांचे डोळे भरून आले होते. आम्ही तोंडाला पदर लावून हसत होतो. कितीतरी दिवस गल्लीत तेच. "सर, कारागीर चांगले शिजलेत का?"

म्हातारीच्या हातून सरांच्या फळीवरचा एक पत्र्याचा डबा तेवढा वाचला होता. त्यातल्या तुरीला सगळ्यात जास्त किरणं दिलेली.

त्याच उन्हाळ्यात वहिनींच्या छातीत गाठ निघाली. त्यांनी ती किती दिवस लपवली कोण जाणे! दुखणं सांगायला घरात एक माणूस, आणि तोही पेशीपेक्षा मोठं काही न बघणारा. मला कळलं तेव्हा मी सरांना वाटेल तसं बोलले.

दूरच्या मोठ्या इस्पितळात किरणं द्यायचं ठरलं. तेव्हा मात्र सर उजळले. इतकी वर्षं जे शिकले ते शेवटी घरच्या कामाला येणार होतं ना! निघताना मला समजावत होते, "एकदम न्हाई द्यायची किरणं. आज द्यायची, मधी थांबायचं. तेवढ्यात चांगल्या पेशी दुरुस्त होत्यात. गाठीचे कारागीर कच्चे असतेत बाई, त्यांना जमत न्हाई. आपण जिंकणार." वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "त्यांची एक कॉलर राहिलीय उलटवायची. आल्यावर करते."

आल्या. कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती, पण गाठ विरघळली होती. सरांनी गल्लीभर पेढे वाटले. त्या दिवसांत टँकरवर ढकलाढकली करतानाही ते दहा जणांना विचारायचे, "काय तुटलं?" आणि शिव्या खायचे.

दिवाळीनंतर गाठ परत आली. नुसती आली नाही, पसरली. इस्पितळातून 'घरी ठेवा' म्हणून पाठवलं. सर ओट्यावर बसले होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "कच्चे न्हवते बाई. गाठीतलेबी पक्केच निघाले. मी जिंदगीभर दुरुस्ती दुरुस्ती म्हणून नाचलो. दुरुस्तीला काय, चांगलं काय आन् वाईट काय."

त्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. गल्लीतून खाली बघत जायचे. सकाळी सडा घालणं तर दुष्काळानं कधीच बंद झालं होतं. मी उगाच कोरडं अंगण झाडत उभी राहायचे, आज तरी विचारतील म्हणून. पण नाही विचारलं.

वहिनी शेवटी शेवटी उशीला टेकून बसायच्या आणि ती राहिलेली कॉलर शिवायच्या. टाके वाकडे पडायचे. मी ओरडले, "वहिनी, टाका ते! मी देते शिवून." तर म्हणाल्या, "असू द्या. हात चालतोय तोवर करते." कॉलर अर्धीच झाली. ऐन वैशाखात आम्ही त्यांना माती दिली.

नंतर एका दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तर सर स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले. पुढे वहिनींचं पितळी पातेलं. त्यात स्वच्छ पाणी आणि पाण्यात तूर. शेजारी पत्र्याचा डबा मोकळा पडलेला. मी घागरीत डोकावले. घागर कोरडी! टँकर परवा येणार, आणि ह्या माणसानं प्यायचं सगळं पाणी तुरीवर ओतलेलं. ओठ फुटलेले.

माझा संताप झाला. "सर, डोकं फिरलंय का तुमचं? माणसाला प्यायला थेंब नाही, आणि तुम्ही प्रयोग करून राहिलात?"

"प्रयोग न्हाई, बाई."

"मग काय आहे? उगवणार आहे का हे?"

"न्हाई," सर म्हणाले. "ह्या डब्यातलं न्हाई उगवत. लई किरणं बसलीत. जरासा कोंब दावतंय आन् थांबतंय. मला ठावं हाय." त्यांनी पाण्यात बोट घातलं, दाणे हलकेच फिरवले. "पण पाणी लागलं की हेबी दुरुस्तीला बसतंय. आपण वाचत न्हाई, हे त्याला कुठं माहीत? आन् तिला तर माहीत होतं, बाई. तरी कॉलर शिवत होती."

तेव्हा मी त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं. तीच कॉलर होती. अर्धी वाकड्या टाक्यांनी धरलेली, अर्धी सुटून मानेवर लोंबत होती. आणि सर रडत होते, लहान पोरासारखे, तोंड न झाकता.

मी घरी आले. माझ्या घागरीत परवापर्यंतचं, मोजून सगळ्यांच्या घशापुरतं पाणी होतं. सासू बघत होती. मी तांब्या भरून सरांना नेऊन दिला, आणि समोर उभं राहून प्यायला लावला. त्यांनी अर्धा प्यायला. उरलेला हातात धरून माझ्याकडे बघत राहिले, परवानगी मागितल्यासारखे.

"ओता," मी म्हणाले.

त्यांनी तो तुरीवर ओतला. मी सुईदोरा शोधायला वहिनींचा शिवणाचा डबा उघडला.