मैनाबाई थोरवे यांनीं पगारी संघाची वाट धरिली त्याचें वर्तमान

श्री॥ सज्जनीं चित्त देऊन ऐकावें. जें घडलें तेंच लिहिलें आहे, पदरचें कांहीं घातलें नाहीं. राज्यशक एकोणचाळीस, विकारी नाम संवत्सरीं, कोणे एके राज्यांत बास्केटबॉल नामें खेळाचा मोठा डौल जाहला होता. थोर कॉलेजें आपले संघ बाळगीत, आणि त्यांहून वरते पगारी संघ असत, ते दरसाल कॉलेजांतून निवडक खेळाडू चाकरीस घेत. पूर्वीं कॉलेजांत असतां खेळाडूनें कोणाची कवडी घेऊं नये ऐसी ताकीद होती. मग सरकारची मर्जी फिरली, आणि आपलें नांव व मुखडा व्यापाऱ्याचे मालास लावून पैका घ्यावा ऐसी मोकळीक जाहली. तेणेंकरून बायकांचे खेळांत उलटाच प्रकार घडला, कीं पगारी संघाची तलब थोडी आणि कॉलेजांत राहून जाहिरातींचें उत्पन्न फार.

ते समयीं नदीपलीकडील कॉलेजांत मैनाबाई थोरवे, वय वर्षें वीस, अंगानें उंच, बोलण्यांत थोड्या, ऐशा खेळत होत्या. सामना लागला म्हणजे त्या जिंकणार हें लोक आधींच धरून चालत. बुटांचे थोर व्यापारी केशवशेट यांनीं त्यांची तसबीर चौकोचौकीं उभी केली होती. मग त्या सालीं डोंगरी मुलखाचा पगारी संघ सलोख्याचा सामना खेळावयास आला, आणि त्यांतील जुन्या जाणत्या साळूबाई मोकल यांनीं मैनाबाईंचे हातांतला चेंडू ऐसा काढून नेला, जैसें कोणी लेकराचे हातांतलें खेळणें काढावें. एकदां नव्हे, सामना सरेपर्यंत हेंच चाललें. लोक हळहळले. मैनाबाई मात्र घरीं आल्या त्या हांसतच आल्या आणि मातुश्री गजराबाईंस म्हणाल्या, "आई, आज मला खेळतां येत नाहीं हें कळलें. फार बरें वाटलें."

पुढें पगारी संघांकडे नांव देण्याची मुदत आली. तेव्हां केशवशेट घरीं चालोन आले आणि बहुत गोडीनें बोलिले, "बाई, आणखी एक साल कॉलेजांत राहा. आमचा माल घेतात त्या कॉलेजांतल्याच मुली. तिकडे गेलां तर पहिलें साल बाकावर जाईल. बाकावर बसलेलीचे बूट कोण पाहतो?"

मैनाबाई म्हणाल्या, "शेटजी, आपण खोटें बोलत नाहीं. बाकावर बसावें लागेलच."

"मग घाई कशास?"

"इथें मला अडवणारें कोणी उरलें नाहीं. राहिलें तर आहे एवढीच राहीन."

शेटजी उठोन गेले. मग गजराबाईंनीं पुसिलें, "पैक्याचें राहूं दे. तिथें हरलीस तर रडत माघारी येशील काय?"

"रडेन. माघारी येणार नाहीं."

ऐसें म्हणोन बाईंनीं नांव दिलें. चौकांतील तसबिरी उतरल्या आणि तेथें दुसरी मुलगी उभी राहिली. डोंगरी संघानेंच बाईंस निवडून घेतलें. पहिलें साल खरेंच बाकावर गेलें. आणि क्वचित मैदानांत उतरल्या तर धक्के बसले, ओठ फुटला, प्रेक्षकांनीं नांवें ठेविलीं. सरावांत साळूबाई नित्य चेंडू काढून नेत आणि म्हणत, "पुन्हा ये." मैनाबाई पुन्हा जात. एके दिवशीं मैनाबाईंनीं पुसिलें, "ताई, तुमचीच जागा घ्यायला आलेय मी. मग शिकवतां कशाला?" साळूबाई म्हणाल्या, "जागा कोणीतरी घेणारच. कच्चीनें घेतली तर मला लाज."

दुसरे सालीं संघ अखेरचे सामन्यास पोंचला. समोरील संघांत एक मोठी धिप्पाड खेळाडू होती, तिनें गुणांची लयलूट केली आणि डोंगरी संघ मागें पडला. शेवटला डाव उरला तेव्हां साळूबाई आपण होऊन प्रशिक्षकांपाशीं गेल्या आणि म्हणाल्या, "माझे पाय आतां चालत नाहींत. मैनेस धाडा." प्रशिक्षक कचरले. साळूबाई बाकावर बसल्याच, उठेनात. मग मैनाबाई उतरल्या आणि त्या धिप्पाड बाईस सावलीसारख्या चिकटल्या. चेंडू टाकण्याची हौस धरिली नाहीं, अडविण्याचेंच काम केलें. ती चिडली, ढकलूं लागली. मैनाबाई पडत आणि उठून पुन्हा पुढें ठाकत. त्या डावांत तिचा एकही चेंडू जाळींत गेला नाहीं, आणि तोंवर डोंगरी सोबतिणींनीं गुण भरून काढून सामना एका गुणानें जिंकला. मैनाबाईंचे नांवें एकही गुण लागला नाहीं. साळूबाईंनीं त्यांस जवळ घेतलें आणि त्याच सालीं खेळ सोडिला.

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. कॉलेजांत मिळत होता तितका पैका बाईंस पुढें कधीं मिळाला नाहीं, हें लपवूं नये. त्या अद्याप डोंगरी संघांत आहेत; कधीं जिंकतात, कधीं हरतात, आणि नवी मुलगी संघांत आली म्हणजे पहिले दिवशीं तिचे हातांतला चेंडू काढून नेतात. लेखनसीमा.