कादंबरीशी भांडणारे तात्या

रिहे गावातले म्हादूतात्या पुस्तक नुसतं वाचत नसत, पुस्तकाशी भांडत. भाताच्या बांधावर बसून मोठ्यानं वाचायचं आणि पात्र चुकलं की त्याला झापायचं. एकदा त्यांनी कादंबरीतल्या खलनायकाला, "हितं ये, तंगडं मोडतो," असं बजावलं, तर शेजारचा शेतकरी काठी घेऊन मदतीला धावत आला. तात्यांनी त्याला बसवून घेतलं आणि पुढचं प्रकरण ऐकवलं.

साठ सालाच्या आसपास मी तिथं मास्तर होतो. शाळेतलं एक कपाट हेच गावचं वाचनालय, आणि तात्या त्याचे जवळजवळ एकटेच वाचक. चौथी शिकलेल्या या माणसाचा मला फार अभिमान वाटे.

त्या वर्षी किशोरांसाठीची एक नवी कादंबरी आली. अस्पृश्य ठरवलेल्या घरातला मुलगा शाळेच्या माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेतो आणि बंड करतो, अशी गोष्ट. तात्या हरखून घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी परत आले ते तोंड पाडून.

"लई आशेनं वाचली, गुरुजी. शंभर पानं पोरगं ताठ उभं ऱ्हातंय, आन् शेवटाला पाटलाच्या पाया पडतंय. पाटील त्याला नवी टोपी देतो. हे काय खरं न्हाई."

"कादंबरी आहे, तात्या."

"आसंल. पर मी खरं बघितलंय. तुमी लेखकाला कागद लिवा, मी सांगतो."

मी दौत-टाक काढला आणि तात्या सांगतील तसं लिहू लागलो. तात्यांच्या लहानपणी त्यांच्या वर्गात महारवाड्यातला किसन होता. त्यानं माठाला हात लावला. मास्तरांनी छडी मोडेस्तोवर मारलं, माफी माग म्हणाले. किसननं मागितली नाही. दप्तर उचललं आणि निघून गेला. पुढं मुंबईला गिरणीत लागला, रात्रशाळेत शिकला, आता स्वतः मास्तर आहे. हे सांगताना तात्यांची छाती अशी फुगली होती, की किसन त्यांचा सख्खा भाऊच वाटावा.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.



"माझा जिगरी व्हता. ओढ्यावर आमी संगंच असायचो. त्या दिवशी मी मान खाली घालून बसलो. हे बी लिवा."

मी लिहिलं आणि सगळं पत्र वाचून दाखवलं.

"आता ह्याचीच एक नक्कल काढा," तात्या म्हणाले. "किसनला धाडायची."

"पत्ता?"

त्यांनी बंडीच्या खिशातून घड्या पडून मऊ झालेला कागद काढला.

"दर जत्रंला त्याच्या भावाकडनं इचारून घेतो. लिवायचं धाडस व्हत न्हवतं."