जानूनं लावलेला कामांचा खेळ

जानू गाबित भेटला की कुणाला 'बरा आहेस का' असं विचारत नसे. मनगट धरायचा आणि म्हणायचा, "हात कसा हलतो, दाव." मी कोठीच्या साखरघरात उकळत्या रसावरची मळी काढायचो. त्यानं मला भर रस्त्यात, हातात झारा नसताना, वीस वेळा मळी काढायला लावली. वर म्हणाला, "मगाशी खांदा चुकला तुजा."

तो स्वतः ऊस तोडायचा. आम्ही एकाच जहाजानं मुंबईहून मॉरिशसला आलो आणि पांपलमूसजवळच्या एकाच कोठीवर, म्हणजे उसाच्या मळ्यावर, कामाला लागलो.

सहाव्या वर्षी शिमग्याला त्यानं खेळ लावला. देवांची सोंगं नाहीत. माणसं आणि त्यांची रोजची कामं, तीही गात गात. मात्र कुणी स्वतःचं काम करायचं नाही. "आपला काम करताना मानूस झोपलेला असतो," जानू म्हणायचा. मला लोहार केलं. माझी मळी गेली कोठीच्या खऱ्या लोहाराकडे, आल्सीद नावाच्या क्रेओल माणसाकडे. त्याला मराठीचा गंध नाही. दर ओळीनंतर "कोम सा?" म्हणजे 'असं?' विचारत तो "माली, माली" गायचा.

आमच्या सरदाराला, म्हणजे मुकादमाला, राजा व्हायचं होतं. "राजा नसेल तर रविवारीही कामाला लावीन सगळ्यांना," त्यानं बजावलं.

जानूनं शांतपणे विचारलं, "सरदार, राजा दिवसभर करतो काय? हात कसा हलतो त्याचा?"

सरदारानं बराच विचार करून एक हात वर धरला.

"दोन गान्यांत दुखंल," जानू म्हणाला आणि त्याला धोबी केलं. रविवारी दुपारी खेळात सरदारानं इतक्या मनापासून कपडे आपटले की स्वतःचंच मुंडासं फाटलं. लोक हसून लोळले.

शेवटचं सोंग जानूचं. माझ्या बायकोचं, भागीचं लुगडं नेसून, डोक्यावर टोपली घेऊन तो आला. "ताजा म्हावरा गो!" हशा उसळला. त्यानं टोपली उतरवली, माश्या हाकलल्या, नसलेली सुरमई मांडली आणि डाव्या हातानं कापू लागला.

"जान्या, डावखुरा कधी झालास?" कुणीतरी ओरडलं.

"मी नाय. ती."

सहा वर्षांत त्याला बायको आहे हे आम्हांला माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलंही नव्हतं.

पुढे बसलेली भागी म्हणाली, "नाव काय रे तिचा?"

त्यानं लुगड्याचा पदर सारखा केला. "पारू."

गाणं तिथंच थांबलं. त्यानं हळूहळू सगळी सुरमई कापली. भागी उठली, पुढे गेली आणि तिनं ओटी पसरली. त्यानं ओटीत तुकडे घातले. मग आणखी एक वर टाकला.

"ती टाकायची," तो म्हणाला.